पाणी केव्हा चढले?

विज्ञानाच्या प्रयोगाची चित्रफीत तयार करावयाची म्हटले की अनेक मुले मेणबत्तीचा प्रयोग निवडतात. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. बायझँटियमच्या फिलोने इसवी सनापूर्वीच या प्रयोगाचे वर्णन करून ठेवले आहे. स्पष्टीकरणही तयारच असते: हवेतील प्राणवायू संपला, त्याची एक पंचमांश जागा पाण्याने घेतली.

नववीतील एका मुलीने हेच निवेदन आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. रविवारी दुकान बंद असल्याने वडीलही मदतीला आले. मागे काळे कापड धरले, फोन पुस्तकांच्या चळतीवर बरोबर पाण्याच्या पातळीला ठेवला. तो हातात धरला असता तर पुढचे काहीच दिसले नसते.

दृश्य संथ गतीने पाहताना अडचण उभी राहिली. ज्योत जळत होती तोवर पाणी फारसे हललेच नव्हते. ती विझू लागताच मात्र झपाट्याने चढले. शिवाय पेला पालथा घालताना काठाखालून बुडबुडे निसटलेले स्पष्ट दिसत होते. प्राणवायू हेच कारण असते, तर पाणी ज्योतीबरोबर हळूहळू चढावयास हवे होते.

चित्रफीत दुसऱ्याच दिवशी द्यावयाची होती. बुडबुडे कापून टाकले असते तर निवेदन तंतोतंत जुळले असते, आणि परीक्षकांनाही कदाचित तेच उत्तर अपेक्षित असावे. वडिलांनी एवढेच विचारले, "वहीत शंभर पोती आणि गोदामात नव्वद निघाली, तर आपण काय करतो गं?"

"पुन्हा मोजतो."

तिने तोच पेला घेऊन तीन मेणबत्त्या लावल्या. पेल्यातील प्राणवायू तेवढाच होता, पाणी मात्र अधिक चढले. उलगडा उष्णतेत होता. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते व थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, आतील दाब घटतो आणि बाहेरील हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा प्राणवायू पुरता संपलेलाही नसतो; जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते.

रात्री उशिरापर्यंत नवे निवेदन लिहिणे चालले होते. जुने तिने पुसले नाही. चित्रफितीच्या आरंभी तेच ऐकू येते, आणि त्यालगत, कोठेही न कापलेले, बुडबुड्यांचे दृश्य दिसते.