स्वतःचा चॅट सर्व्हर लावताय? आधी रिव्हर्स प्रॉक्सी समजून घ्या



समजा, तुमचं ऑफिस पारशिवनीत आहे, गोडाऊन कन्हानला आणि पेंचच्या कोलितमारा गेटकडे एक छोटा होमस्टे. दहा-बारा माणसं. सगळं काम व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतं: ऑर्डर, रेट, गिऱ्हाइकांचे नंबर. एक दिवस मॅनेजर काम सोडून जातो. ग्रुपमधून त्याला काढता येतं, पण सगळे रेट आणि नंबर त्याच्या फोनमध्ये राहतात. आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो ना? व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. त्या रात्री किती जणांचे व्यवहार अडकले!

म्हणून काही जण मॅटरमोस्ट किंवा रॉकेटचॅट स्वतःच्या सर्व्हरवर लावतात. माणूस गेला की त्याचं खातं बंद करायचं, जुने मेसेज कंपनीकडेच राहतात. पण लावताना बहुतेक जण एक पायरी गाळतात, आणि तिथेच फसतात.

मीही फसलो होतो. मॅटरमोस्ट ८०६५ नंबरच्या पोर्टवर चालतं. मी ते पोर्ट सरळ जगासाठी उघडं ठेवलं. चॅट सुरू झालं, मी खूश! पण ब्राउझरमध्ये कुलपाची खूण नव्हती. म्हणजे पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येईल असा जात होता. नोंदी उघडल्या तर अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न. त्या दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि रिव्हर्स प्रॉक्सी शिकलो.

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे काय?

तहसील कार्यालयातलं आवक-जावक टेबल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही अर्ज घेऊन सरळ आतल्या बाबूच्या टेबलाशी जात नाही. आवक-जावकवाला अर्ज घेतो, शिक्का मारतो, योग्य टेबलाकडे पाठवतो. उत्तरही त्याच्याच हातून मिळतं.

रिव्हर्स प्रॉक्सी हेच करतो. बाहेरचा माणूस फक्त त्याच्याशी बोलतो. आतलं चॅट सॉफ्टवेअर बाहेर दिसतच नाही. आणि एकाच टेबलावरून अनेक खात्यांचे अर्ज जातात, तसं एकाच सर्व्हरवर तुमची वेबसाइट, बिलिंग आणि चॅट तिन्ही वेगवेगळ्या नावांनी चालवता येतात. यासाठी एनजिनएक्स हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते २००४ पासून उपलब्ध आहे.

कामाचा क्रम

१. सर्व्हर भाड्याने घ्या. घरच्या कॉम्प्युटरवर लावू नका. लाइट गेली की चॅट गेलं. शिवाय बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून पोहोचताच येत नाही.

२. नाव द्या. तुमच्या डोमेनखाली ‘चॅट’ असं उपनाव तयार करा आणि ते सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवा.

३. चॅटला आत बसवा. चॅट सॉफ्टवेअर फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकेल असं ठरवा. हा पत्ता म्हणजे ‘याच मशीनच्या आतलं’. फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्टं, आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिनचं पोर्ट, एवढंच उघडं ठेवा. डॉकर वापरत असाल तर जपून! डॉकरने उघडलेलं पोर्ट उबुंटूच्या साध्या फायरवॉलला न जुमानता बाहेर दिसतं. म्हणून डॉकरमध्ये पोर्टच्या आधी हा आतला पत्ता लिहायचाच.

४. एनजिनएक्सला सांगा. फाईलमधलं अक्षर न् अक्षर व्हिडिओत स्क्रीनवर आहे; इथे अर्थ समजून घ्या. चार गोष्टी सांगायच्या असतात:

- या नावाने आलेली विनंती आतल्या ८०६५ वर पाठव.
- मूळ अर्जदार कोण, म्हणजे खरा आयपी पत्ता आणि नाव, पुढे कळव. नाहीतर चॅटच्या नोंदीत प्रत्येक जण १२७.०.०.१ दिसतो आणि चोर कोण ते कळत नाही.
- वेबसॉकेट चालू दे. साधी वेबसाइट म्हणजे अर्ज दिला, उत्तर मिळालं, संपलं. चॅट म्हणजे चालू ठेवलेला फोन. त्यासाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ या दोन सूचना आणि एचटीटीपीची १.१ आवृत्ती लागते. पलीकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर एनजिनएक्स स्वतःहून जोडणी तोडतो, ती मुदतही वाढवा.
- मोठ्या फाईल येऊ दे. मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते. मालाचा एक फोटोसुद्धा त्यात बसत नाही. ५० एमबी करा.

बदल केला की आधी तपासणीची कमांड चालवा, मगच एनजिनएक्स रीलोड करा.

५. कुलूप लावा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, सर्टबॉट ते बसवून देतो. मुदत ९० दिवसांची, म्हणून आपोआप नूतनीकरण चालतं का ते एकदा करून पाहा. मुदत संपण्याआधी मेल येईल या भरवशावर राहू नका. लेट्स एन्क्रिप्टने ते मेल २०२५ मध्ये बंद केले.

६. चॅटलाही पत्ता सांगा. मॅटरमोस्टच्या सेटिंगमध्ये ‘साइट यूआरएल’ला एचटीटीपीएससकट नवा पत्ता टाका. हे राहिलं की निमंत्रणाच्या लिंक चुकतात.

अडलं तर?

- ५०२ दिसतंय: टेबल उघडं आहे, आतला बाबू जागेवर नाही. चॅट सॉफ्टवेअर सुरू आहे का, पोर्ट बरोबर आहे का, ते पाहा.
- ४१३ दिसतंय: फाईल मर्यादेपेक्षा मोठी आहे.
- पान उघडतं, पण मेसेज रिफ्रेश केल्यावरच दिसतो: वेबसॉकेटच्या ओळी राहिल्या.

शेवटची परीक्षा ऑफिसच्या वायफायवर घेऊ नका. कन्हानच्या गोडाऊनमधून मोबाइल डेटावर मोठा फोटो पाठवायला सांगा. मग दोन मिनिटं गप्प बसा आणि पुन्हा मेसेज करा. लगेच पोहोचला तर पास!

आता खरं सांगतो

तुम्ही तिघंच असाल तर हा खटाटोप नको, व्हॉट्सअॅप पुरे. सर्व्हर आपला म्हणजे जबाबदारीही आपली: अपडेट आपण करायचे, बॅकअप रोज दुसऱ्या जागी आपणच ठेवायचा. रिव्हर्स प्रॉक्सी दार सांभाळतो, पण डिस्क बिघडली तर तो काही परत देत नाही. मोफत आवृत्तीत किती माणसं आणि किती जुने मेसेज चालतात, ही अटही बदलत असते, ती आधी वाचा.

पण गिऱ्हाइकांची यादी हीच तुमची कमाई असेल, तर एक रविवार यासाठी काढा. दुकानाला शटर लावता ना? मग हेही त्यातलंच समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर, आधी बॅकअप, मग बाकी सगळं!