गोळी बंद नको, वेळ बदला

दिवस राहिल्याचे कळते, पहिल्याच तपासणीत गोळ्यांची पट्टी हातात पडते आणि आठवडाभरात गोळीच्या नुसत्या वासानेही पोटात ढवळू लागते. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून घरचे समजूत घालतात. हळूहळू पट्टी फ्रीजवर पडून राहते आणि डॉक्टरांनी विचारले, की ‘घेतेय’ असे उत्तर दिले जाते.

सुरुवातीच्या महिन्यांतली मळमळ मुळात संप्रेरकांच्या बदलांमुळे होते. नवव्या आठवड्याच्या आसपास तिचा जोर असतो. त्यात गोळीतले लोह भर घालते, कारण ते जठराच्या आतल्या आवरणाला झोंबते. फॉलिक अॅसिड मात्र सहसा त्रास देत नाही आणि नेमके तेच या काळात चुकवून चालत नाही. ज्या नलिकेतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट न मिटल्यास मणक्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष राहू शकतो. हा धोका कमी करण्यासाठी गर्भधारणेच्या आधीपासून पहिले १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला सांगतात.

म्हणून एकत्रित गोळी सोसत नसेल, तर काही आठवडे फक्त फॉलिक अॅसिडची छोटी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. सरकारी आरोग्य कार्यक्रमातही लोहाची रोजची गोळी चौथ्या महिन्यापासून दिली जाते. हिमोग्लोबिन कमी असेल, तर मात्र लोह थांबवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये.

गोळी रिकाम्या पोटी न घेता रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घेऊन पाहावी. चहा-कॉफीबरोबर लोहाची गोळी घेऊ नये, लिंबूपाणी चालते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी कोरडे चुरमुरे किंवा खाखरा खावा, दिवसभर थोडे थोडे खावे. आम्लपित्ताची किंवा उलटीची गोळी मनाने घेऊ नये.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, चक्कर येत असेल किंवा वजन घटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि पुढच्या तपासणीत ‘गोळी घेववत नाही’ हे मोकळेपणाने सांगावे. तसे कळले, तरच डॉक्टरांना गोळी बदलून देता येईल.