कामगार एक, झेंडे चार

कारखान्याच्या गेटवर तीन-चार रंगांचे झेंडे शेजारी शेजारी फडकताना दिसतात आणि पाहणारा मनाशी ठरवून टाकतो: देश स्वतंत्र झाला आणि प्रत्येक पक्षाने आपापली युनियन काढली. ही समजूत थोडीशी खरी आहे. म्हणूनच तिच्या आडून बरेच गैरसमज खपून जातात.

गैरसमज १ : देशपातळीवरच्या कामगार संघटना स्वातंत्र्यानंतर जन्मल्या.

वस्तुस्थिती : पहिली संघटना, म्हणजे आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस), ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली. १९१९मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली आणि तिच्या परिषदेला भारतीय कामगारांचा प्रतिनिधी पाठवायची वेळ आली. त्याला निवडून देईल अशी देशव्यापी संघटनाच नव्हती, म्हणून सरकारनेच ना. म. जोशी यांची नेमणूक केली. कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न तिथे उभा राहिला आणि आयटकच्या जन्माला निमित्त झाला. दुसरी मोठी संघटना इंटक (इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेस). तीही १५ ऑगस्टची वाट न पाहता ३ मे १९४७ रोजी दिल्लीत स्थापन झाली.

गैरसमज २ : आयटक पहिल्यापासून कम्युनिस्टांची.

वस्तुस्थिती : पहिले अध्यक्ष होते लाला लजपतराय. स्थापनेत पुढे होते टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा आणि भारत सेवक समाजाचे मवाळ ना. म. जोशी. देशातल्या कम्युनिस्टांना एकत्र आणणारी कानपूर परिषद व्हायला अजून पाच वर्षे होती. १९२९च्या नागपूर अधिवेशनात अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते; तिथे डाव्या गटाचे पारडे जड झाले आणि जोशी बाहेर पडले. १९४०पर्यंत सगळे पुन्हा एकत्र आले आणि जोशीच सरचिटणीस झाले. १९४२च्या 'चले जाव' आंदोलनात काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले आणि त्या काळात संघटनेवर कम्युनिस्टांची पकड घट्ट झाली.

गैरसमज ३ : इंटक काँग्रेसने रातोरात उभी केली.

वस्तुस्थिती : तिची मुळे अहमदाबादच्या मजूर महाजनात होती. गांधीजी आणि अनसूया साराभाई यांच्या प्रभावाखाली १९२०मध्ये उभा राहिलेला हा गिरणी कामगारांचा संघ आयटकमध्ये कधीच गेला नाही. तंटा आधी लवादापुढे न्यायचा, संप शेवटचे हत्यार, ही त्याची रीत इंटकने उचलली. स्थापनेच्या बैठकीचे अध्यक्ष सरदार पटेल होते. पहिले सरचिटणीस झाले मजूर महाजनाचेच खंडूभाई देसाई.

गैरसमज ४ : या संघटना म्हणजे पक्षांच्या शाखाच.

वस्तुस्थिती : नाते जवळचे, पण घर वेगळे. समाजवादी मार्च १९४८मध्ये नाशिकला काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्याच डिसेंबरात हावड्याला हिंद मजदूर सभा निघाली. अध्यक्ष होते नागपूरचे आर. एस. रुईकर, सरचिटणीस अशोक मेहता. मात्र तिच्यात एम. एन. रॉय यांच्या प्रेरणेने निघालेले इंडियन फेडरेशन ऑफ लेबरही विलीन झाले होते. १९४९मध्ये कलकत्त्यात यूटीयूसी (युनायटेड ट्रेड युनियन काँग्रेस) आली आणि झेंडे चार झाले. १९५५मध्ये आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी भोपाळला भारतीय मजदूर संघ काढला, तेव्हा ज्या भाजपशी तो जोडला जातो, तो जन्माला यायला पंचवीस वर्षे होती. शिवाय १९२६च्या कायद्यानुसार सात सभासदांनी अर्ज केला तरी युनियन नोंदवता येई. मतभेद झाला की वेगळी चूल मांडणे सोपे होते.

गैरसमज ५ : ज्या युनियनमागे कामगार जास्त, तिच्याशी मालकाला बोलावेच लागे.

वस्तुस्थिती : मुंबई प्रांताच्या १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकाच युनियनला 'प्रातिनिधिक' ठरवले; मालकाशी बोलणी करायची ती तिनेच. सभासद मोजायचे ते दप्तरावरून. गुप्त मतदान नाही. मुंबईच्या गिरण्यांत हा मान इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. ऑगस्ट १९५०मध्ये हिंद मजदूर सभेच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी संप पुकारला. सुमारे दोन लाख गिरणी कामगार दोन महिने बाहेर राहिले. पण कायद्याच्या लेखी ही युनियन कोणीच नव्हती, आणि संप फसला. १९८२च्या गिरणी संपात कामगार नेते दत्ता सामंत यांच्यामागे अख्खे गिरणगाव उभे राहिले, तेव्हाही मान्यता त्याच जुन्या संघाकडे होती.

युनियन नोंदवायला सात सह्या पुरत होत्या. मालकासमोरची खुर्ची मात्र रस्त्यावर उतरलेल्या दोन लाखांनाही मिळाली नाही.