वस्त्रकचरा आणि गोधडीची परंपरा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात
जालना हा कापूस पिकविणारा जिल्हा आहे. येथील ग्रामीण कुटुंबांत जुने लुगडे वा धोतर सहसा टाकून दिले जात नसे. मऊ भागाची बाळासाठी दुपटी होत. उरलेल्या कापडाचे थर धावदोऱ्याने शिवून, अनेकदा शेजारणींच्या मदतीने, गोधडी तयार होई. ती विरली की नव्या गोधडीत भर म्हणून जाई. शेवटी पोतेरे. मात्र या चक्राचा आधार सुती कापड होता, ही बाब गोधडीच्या कौतुकात सुटते. पॉलिएस्टरची साडी घाम शोषत नाही आणि सहजी कुजतही नाही. बोहारीण भांड्याच्या मोबदल्यात ती नेते, तेव्हा तिचे केवळ आयुष्य वाढते. कापूस व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडातील तंतू तर कारखान्यातही वेगळे करणे कठीण जाते.