प्राणिशरीरातील विकरे : लेखांक सातवा – पेप्सिनचे मोजमाप आणि त्याचा ठावठिकाणा
अत्यल्प प्रमाणात राहूनही विकरे केवढी रासायनिक उलथापालथ घडवून आणतात, हे मागील लेखांकात पाहिल्यावर, असा पदार्थ एखाद्या ऊतीत किती आहे आणि नेमका कोठे आहे हे शास्त्रज्ञ कसे ठरवितात, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात सहजच उभा राहिला असेल. थिओडोर श्वान याने १८३६ साली जठरात शोधून काढलेले पेप्सिन हे त्याच्या उत्तरासाठी उत्तम उदाहरण होय.

ऊतीतील पेप्सिन इतर असंख्य प्रथिनांत मिसळलेले असल्यामुळे ते तराजूत घालता येत नाही. म्हणून मोजावयाचे ते त्याचे वजन नव्हे, तर ठराविक वेळात त्याने केलेले प्रथिनांच्या पचनाचे काम. यासाठी पूर्वी अंड्याचा पांढरा बलक किंवा रक्तातील फायब्रिन वापरीत. परंतु त्यांचा दर्जा दर खेपेस निराळा निघे, आणि एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी जुळत नसत. ही अव्यवस्था अमेरिकेतील ॲन्सन याच्या १९३८ सालच्या पद्धतीने बरीचशी दूर झाली. तीत विकृत केलेल्या हीमोग्लोबिनाच्या आम्लयुक्त द्रावणात ऊतीचा अर्क घालून मिश्रण ठराविक तापमानावर मोजकी मिनिटे ठेवतात. मग ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल ओतताच न पचलेले प्रथिन साक्याच्या रूपाने खाली बसते, आणि पचनाने सुटलेले लहान तुकडे तेवढे गाळणीतून पार होतात. त्या तुकड्यांतील टायरोसिनामुळे फिनॉल-अभिकर्मकाने जो निळा रंग येतो, त्याच्या गडदपणावरून पचनाचा हिशेब मांडावयाचा, आणि ज्या मिश्रणात पचनास अवसरच दिलेला नाही अशा दुसऱ्या नळीचा रंग त्यातून वजा करावयाचा.

येथे आम्लतेची तजवीज काटेकोरपणे ठेवणे अत्यावश्यक आहे. ऊतींच्या पेशींत कॅथेप्सिन नावाची विकरेही असतात, आणि तीही आम्लात हीमोग्लोबिन पचवितात. शिवाय जठराच्या पेशीत पेप्सिन सिद्ध रूपात नसून पेप्सिनोजेन या निष्क्रिय पूर्वरूपात साठविलेले असते व आम्लाचा संपर्क झाल्यावरच ते जागे होते. म्हणून ज्या आकड्यासोबत आम्लतेचा तपशील नाही, तो माझ्या मते विश्वासार्ह मानू नये.

इतके करूनही दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच, कारण अर्क काढण्यासाठी ऊती वाटली की तिच्यातील सर्व पेशींची सरमिसळ होते. खानेसुमारीत गावची लोकसंख्या कळावी, पण कोण कोणत्या आळीत राहतो याचा थांग लागू नये, अशातला हा प्रकार. जठराच्या ग्रंथींत मुख्य पेशी आणि भित्तिलग्न पेशी असे दोन प्रकार आहेत, हे हायडेनहाइन याने १८७० मध्येच दाखविले होते. परंतु पेप्सिन कोणाच्या पदरी घालावयाचे याविषयीचा निर्णय रंगविलेल्या पेशींच्या नुसत्या दर्शनावर अवलंबून होता, मोजणीचा आधार त्याला नव्हता.

तो आधार कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग आणि होल्टर यांनी १९३० नंतरच्या दशकात मिळवून दिला. या दोघांनी डुकराच्या जठराच्या अस्तराचा लहानसा स्तंभ कापून गोठविला आणि पृष्ठभागाशी समांतर अशा, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या चकत्या वरपासून तळापर्यंत क्रमवार पाडल्या. मग काही चकत्यांतील विकर अतिसूक्ष्म पद्धतींनी मोजले, आणि त्यांच्या शेजारच्या चकत्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील निरनिराळ्या पेशींची गणना केली. विकराचे आकडे आणि पेशींची संख्या ही दोन्ही खोलीनुसार एकमेकांशेजारी मांडली, तेव्हा पेप्सिनचा चढउतार मुख्य पेशींच्या चढउताराच्या मागोमाग जातो, भित्तिलग्न पेशींच्या नव्हे, हे निर्विवाद ठरले. रसायनशास्त्राचा तराजू आणि शरीररचनाशास्त्राचा सूक्ष्मदर्शक यांची इतकी प्रामाणिक सांगड क्वचितच कोणी घातली असेल. या संशोधनाबद्दल मला वाटणारा आदर त्यामुळेच आहे.

चकतीच्या पद्धतीने पेशीचा प्रकार कळतो, पेशीच्या पोटातील जागा कळत नाही. ती शोधण्याचे मार्ग पुढील लेखांकात पाहू.