तिसरं बटण

मैत्रिणींनो, नव्या घरात राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस काय होतं, आठवतंय? जुन्या घरात तिसरं बटण पंख्याचं असतं. हात सवयीने तिथेच जातो. नव्या घरात तेच बटण दाबलं की लागतो बाहेरचा दिवा! वायरमनचं काम चोख असतं, बटणंही धड असतात, फक्त आपल्या हाताला अजून जुनंच घर पाठ असतं. हसून सोडून देण्यासारखी गोष्ट. पण गेल्या वर्षी याच गोष्टीपायी आमच्या शेजारच्या घरात चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता. आणि त्याला कारण होती माझीच लेक.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही बहुधा रात्री. कधी एकला, कधी पहाटे तीनला. पुरुषमाणसं घोरत असतात आणि घरोघरच्या बायका एक डोळा उघडा ठेवून पडलेल्या असतात. शेजारच्या काकूंचं तर विचारूच नका. काका दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. रोजची चादर, कपडे, अंघोळ. पाणी चुकलं तर सगळंच चुकलं. दिवसभर काकांचं करायचं आणि रात्री नळाशी खुर्ची टाकून बसायचं. मी बचत गटाच्या बैठकीत आरोग्यावर एवढं बोलते, पण काकूंच्या झोपेवर माझ्याकडे उपाय नव्हता.

माझी लेक शहरात होस्टेलवर राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने काकूंसाठी एक भोंगा बनवला. नळाखाली प्लॅस्टिकचा मग, मगात स्टीलचे दोन स्क्रू, त्यांना दोन तारा. मगात पाणी पडलं की दोन्ही स्क्रू पाण्यातून जोडले जातात आणि भोंगा वाजतो. चालतो दोन बारीक पेन्सिल सेलवर, म्हणजे शॉकची भीती नाही. मधोमध एक छोटासा बोर्ड. त्याचं नाव मायक्रोबिट. व्हिजिटिंग कार्डाच्या साधारण निम्मा असेल. ब्रिटनमध्ये बीबीसीने पुढाकार घेऊन २०१६ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना हा बोर्ड वाटला होता. दोन बटणं, पंचवीस इवलेसे दिवे, आणि मध्ये मायक्रोकंट्रोलर. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला बुटका संगणक. आपल्या वॉशिंग मशीनमध्ये, मिक्सरच्या नव्या मॉडेलमध्ये असाच कुणीतरी बसलेला असतो.

पहिल्या रात्री पावणेतीनला भोंगा वाजला. सकाळी काकू अंगणात आल्या त्या हसतच. "अगं, दहा वाजता झोपले ती थेट भोंग्यालाच उठले!" मला लेकीचं केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

तीन महिने सुरळीत गेले. मग एकदा बोर्ड मगात पडला आणि गेला. लेक रविवारी आली, येताना नवा मायक्रोबिट घेऊन आली. हा दुसरा अवतार, २०२० मध्ये निघालेला. चिप अधिक ताकदीची, स्मरणशक्ती जुन्याच्या आठपट, आणि बोर्डावर स्वतःचा स्पीकरसुद्धा. तिने प्रोग्रॅममध्ये चिपचं नाव बदललं, जुना भोंगा जोडला, मागचा तांबडा दिवा लागलेला पाहिला आणि सहाची एस.टी. गाठली.

त्या रात्री पाणी आलं. भोंगा वाजलाच नाही. काकू भरवशाने झोपल्या होत्या.

सकाळी त्यांच्या दारात रिकामी पिंपं बघून माझ्या पोटात गोळा आला. आम्ही तिघी-चौघींनी दोन-दोन घागरी दिल्या, पण दुखणाईताच्या घराला त्या कुठे पुरतात? काकू फक्त म्हणाल्या, "असू दे गं, पोरीला रागावू नकोस." मी मात्र फोनवर तिला नको नको ते बोलले. "तुझ्या खेळापायी एका म्हाताऱ्या बाईचे हाल झाले." पलीकडून आवाज नाही. मग हुंदका. आमच्या ह्यांनी फोन काढून घेतला.

पुढच्या शनिवारी ती आली, ती वही घेऊनच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "आई, माझी चूक काय झाली ते तुला समजावून सांगते. तुला कळलं तर मला कळलंय असं समजेन." मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. पण ऐकलं.

तिचा प्रोग्रॅम रस्ट नावाच्या भाषेत आहे. नाव ऐकून मला गंज आठवला, पण तिने सांगितलं की ही भाषा बनवणाऱ्या ग्रेडन होर यांना अपेक्षित होती ती रस्ट नावाची बुरशी. म्हणजे आपल्या गव्हावर पडतो तो तांबेरा! काही केल्या मरत नाही, म्हणून ते नाव. २००६ मध्ये होर कॅनडात व्हँकुव्हरला एकविसाव्या मजल्यावर राहत होते. इमारतीच्या लिफ्टचा प्रोग्रॅम सारखा बंद पडायचा आणि त्यांना जिने चढावे लागायचे. त्या वैतागातून त्यांनी अशी भाषा करायला घेतली, जिच्यात प्रोग्रॅम कोसळण्याची कारणं आधीच पकडली जातील. २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. एकविसावा मजला चढल्यावर मी पदराने घाम पुसला असता, त्यांनी भाषा केली!

ही भाषा करते काय? लेकीने ताटाळ्यातली वाटी काढली. तिच्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूवर असं एका मालकाचं नाव असतं. वस्तू उसनी देता येते, पण नियम कडक. नुसती बघायला कितीही जणांना द्या. तिच्यात काही बदल करायचा असेल तर एका वेळी एकालाच, आणि तोवर दुसऱ्या कुणी बघायचंही नाही. दोघींनी एकाच पातेल्यात एकीने मीठ घातलंय हे माहीत नसताना पुन्हा मीठ घातलं की काय होतं, ते आपण जाणतोच. संगणकात अशा चुकांनी प्रोग्रॅम कोसळतात, चोरांना वाटा मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मरणशक्तीच्या अशा गलथानपणातून येतात. रस्टचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून चिपच्या भाषेत आणणारा, असा घोळ दिसला की काम पुढे जाऊच देत नाही. खडूस सासूसारखा, पण शहाणा.

"मग त्याने तुझी चूक का नाही पकडली?" मी विचारलं.

"तेच तर, आई. त्याच्या दृष्टीने मी काही चुकलेच नव्हते."

बोर्डाच्या कडेला मोठी भोकं असतात. एकावर शून्य लिहिलेलं, पुढच्यावर एक. पाण्याची तार शून्याला, भोंग्याची तार एकला. बाहेरून जुना आणि नवा बोर्ड बराचसा सारखा. पण आत? जुन्या बोर्डात शून्याचं भोक चिपच्या तीन नंबरच्या पिनला जोडलेलं आणि एकचं भोक दोन नंबरला. नव्यात नेमकं उलट! शून्य दोनला आणि एक तीनला. लेकीने प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी थेट पिनचे आकडे लिहिले होते. नव्या चिपलाही दोन आणि तीन नंबरच्या पिना आहेतच, मग कंपायलर कशाला हरकत घेईल? झालं असं की प्रोग्रॅम पाण्याची वाट बघत बसला भोंग्याच्या तारेवर, आणि पाण्याची तार तशीच राहिली. तेच ते तिसरं बटण.

कुठली पिन कुठल्या भोकाला, कुठल्या बटणाला, कुठल्या दिव्याला जोडलीय, हे चिपला ठाऊक नसतं. ते बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ही सगळी माहिती एका जागी, नावानिशी लिहून ठेवायची, त्यालाच म्हणतात बोर्ड सपोर्ट पॅकेज. खाली चिपची माहिती, वर आपला प्रोग्रॅम, आणि मधला हा दुवा. प्रोग्रॅमने फक्त म्हणायचं, "शून्याचं भोक दे." ते आत कुठे जातं, ते पॅकेज बघेल. घराच्या बटणांवर 'पंखा', 'दिवा' अशा चिठ्ठ्या लावाव्यात, तसंच.

मग तिने छोटंसं पॅकेज लिहायला घेतलं. पहिल्या दिवशी त्यात दोनच नावं होती, पाण्याची तार आणि भोंगा. ती चालल्यावर बटणं आली. त्यांचीही तीच गत! डावं बटण जुन्या बोर्डात सतरा नंबरवर, नव्यात चौदावर. दिव्यांची तर आणखी गंमत. समोरून दोन्हीकडे पाचाच्या पाच ओळी, पण जुन्या बोर्डात आतली जोडणी तीन ओळी आणि नऊ रकान्यांची, नव्यात सरळ पाच-पाच. तरी "बदामाचं चित्र दाखव" असं सांगितलं की दोन्हीकडे बदामच दिसायला हवा. आतली कसरत पॅकेजने करायची.

तिला एका सीनियरकडून एक जुना बोर्डही मिळाला होता. तो टाकून कसा द्यायचा? मग तिने दोन्ही बोर्डांना सारखा असलेला भाग एकत्र ठेवला आणि वेगळा भाग वेगळा काढला. नव्यासाठी 'आतला स्पीकर' असं नाव घातलं. जुन्याला स्पीकर नाहीच, म्हणून जुन्या बोर्डासाठी प्रोग्रॅम करताना ते नाव मागितलं तर कंपायलर तिथेच अडवतो. म्हणजे आधी जी चूक रात्री तीनला काकूंच्या नळावर कळली, ती आता लेकीच्या टेबलावर कळते. बोर्ड हातात घ्यायचाही नियम असा की तो एकदाच मिळतो. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने पुन्हा मागितला तर "नाही" असं उत्तर येतं. समाजमंदिराची एकच किल्ली असावी, तसं.

पुढे तिच्या लक्षात आलं की जगभरच्या लोकांनी मिळून मायक्रोबिटसाठी असं पॅकेज आधीच केलेलं आहे आणि ते सर्वांना फुकट वापरता येतं. त्यातही तीच रचना, जुन्यासाठी एक, नव्यासाठी एक आणि दोघांत सामायिक भाग. तिने आपलं बरंचसं लिखाण काढून टाकलं आणि त्याचा आधार घेतला. मला वाईट वाटलं, एवढ्या रात्री जागली होती! ती म्हणाली, "अगं, स्वतः लिहिलं म्हणून तर त्यांचं वाचता आलं." आता तिच्याकडे उरलाय तो आमच्या भोंग्यापुरता पातळसा थर.

त्या थरातही शिस्त आहे. एकदा तिने 'भोंगा' हे नाव बदलून दुसरंच ठेवलं, तर तिच्या मैत्रिणीने केलेला भोंग्याचा प्रोग्रॅम अडला. आपण घरात न सांगता डब्यांवरची नावं बदलली तर चहात मीठ पडेल की नाही? म्हणून आता नाव बदलायचं तर आवृत्तीचा आकडा बदलायचा आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याचं काम चालूच राहतं.

आमच्या नात्यात काहीजण म्हणाले, "मुलीच्या जातीला असले उद्योग कशाला? बँकेची परीक्षा द्यायला लाव." त्या फोननंतर क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण चूक झाल्यावर लेक पळाली नाही. तिने चूक शोधली, ती पुन्हा होणार नाही अशी जागा तयार केली, आणि काकूंच्या पाया पडून माफी मागितली. परीक्षेतल्या मार्कांपेक्षा मला हे मोठं वाटलं.

आज आमच्या गल्लीत चार भोंगे आहेत, एक जुन्या बोर्डाचा आणि तीन नव्यांचे. चौघांत प्रोग्रॅम एकच. पण लेकीने एक नियम केलाय आणि तो काकूंनीच पाळायला लावलाय. भाषा कितीही शहाणी असो, आपण तार चुकीच्या भोकात खोचली तर तिला ते दिसत नाही. म्हणून भोंगा बसवला की घरच्या बाईने स्वतःच्या हाताने मगात पेलाभर पाणी ओतायचं. तो वाजला, तरच लेकीने घरी जायचं. मग एस.टी. चुकली तरी चालेल.