सांबरशिंगांची किंमत
पडद्यावरचं आकाश : लेखांक ११

मागच्या आठवड्यात आपण फ्लाइट सिम्युलेटरसाठी मेसरश्मिट ११० या जर्मन विमानाचा दिवसाचा अवतार उभा केला. आता त्यालाच रात्रपाळीला पाठवायचं आहे.

काम तासाभराचं वाटतं. सांगाडा तयार आहेच. करड्या ठिपक्यांचा नवा रंग द्यायचा, एक्झॉस्टवर ज्वाळा झाकणारी नळकांडी बसवायची, नाकावर अँटेना लावायच्या आणि नावापुढे ‘जी-४’ लिहायचं. माझं पहिलं जी-४ मी असंच केलं होतं. २४ जुलै १९४३ची रात्र, हॅम्बुर्गवर ब्रिटिशांचा हल्ला, आणि माझ्या विमानाच्या नाकावर ऐटीत चार लांब शिंगं! चाचणीसाठी फाइल एका मित्राला दिली. पाच मिनिटांत त्याचा फोन आला, “अरे, ही शिंगं हॅम्बुर्गला आली कुठून? ती तर हॅम्बुर्गमुळे आली.”

त्याचं बरोबर होतं. त्या रात्रीपर्यंत जर्मन रात्रविमानांत लिख्टेनश्टाइन रडारची पहिली पिढी होती. तिची वारंवारता ४९० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी साधारण ६१ सेंटिमीटर. अँटेनाची कांडी तरंगलांबीच्या निम्मी धरली तर जेमतेम वीतभर-दीड वीत भरते. चार दांड्यांच्या टोकांना आठ-आठ अशा ३२ कांड्या, म्हणून जर्मन वैमानिक या प्रकाराला ‘गादी’ म्हणत. हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी पहिल्यांदाच धातूच्या पातळ पट्ट्यांचा पाऊस पाडला. जमिनीवरची रडारं तर आंधळी झालीच, पण वारंवारता जवळपासचीच असल्याने विमानातल्या लिख्टेनश्टाइनच्या पडद्यावरही नुसता कचरा दिसू लागला. त्यातून सुटायला जर्मनांनी घाईने एसएन-२ हे रडार पुढे आणलं. ते चालायचं ९० मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी सव्वातीन मीटरच्या पुढे. निम्मी धरली तरी कांडी दीड मीटरच्या वर जाते. तरंग लांबले म्हणून शिंगं लांबली. जर्मनांनी त्यांना नावही सांबरशिंगं या अर्थाचंच दिलं.

तेव्हापासून माझा नियम असा, की मोहिमेची तारीख ठरल्याशिवाय नाकाला हात लावायचा नाही.

१९४३च्या अखेरीपासूनच्या काही महिन्यांचं नाक तर आणखी विचित्र आहे. सुरुवातीच्या एसएन-२ला जवळचं दिसत नसे. रडार स्पंद सोडतं तेवढा वेळ त्याचा कान बंद असतो. ५०० मीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी ३.३ मायक्रोसेकंदांत परत येतो. तेवढ्यात कान उघडला नाही, तर ते विमान रडारच्या लेखी अस्तित्वातच नसतं. आणि अंधाऱ्या रात्री ५०० मीटरवरचं विमान डोळ्यांनाही दिसेल याची खात्री नाही. म्हणजे शिकार नेमकी हातातोंडाशी आली की गायब! उपाय म्हणून चार मोठ्या शिंगांच्या मधोमध जुन्या रडारची छोटी अँटेना ठेवली गेली: दूरचं पाहायला एक यंत्र, जवळचं पाहायला दुसरं. पुढे एसएन-२ सुधारलं आणि मधली अँटेना गेली. मॉडेल करणाऱ्यासाठी ही तीन वेगळी नाकं आहेत, एकाच नाकाचे तीन अलंकार नव्हेत.

कारण प्रत्येक नाकाची किंमत फ्लाइट मॉडेलमध्ये चुकवावी लागते. समजा, अँटेनांमुळे कमाल वेग ताशी ५६० किलोमीटरवरून ५२०वर आला. ‘सात टक्केच तर’ असं म्हणून नवखे लोक ड्रॅगचा आकडा सात टक्क्यांनी वाढवतात आणि विमान तरी पळतंच कसं, म्हणून डोकं धरून बसतात. कमाल वेगाजवळ हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन तेच, शक्ती तीच. मग ५६० भागिले ५२० याचा घन करायचा. उत्तर येतं जवळपास सव्वा. म्हणजे चार काटक्यांसाठी ड्रॅग एक चतुर्थांशाने वाढवायचा! जेएसबीसिमसारख्या फ्लाइट मॉडेलमध्ये ड्रॅगची स्वतंत्र ओळ लिहिता येते, रडारची खोकी आणि तिसरा माणूस यांची वजनं नेमक्या जागी ठेवता येतात. त्या जागा चुकल्या, की विमानाचा तोल बिघडतो आणि दोष मात्र आपण लिफ्टला देत बसतो.

खरी मेहनत पुढे आहे. रात्रविमान बनवणं म्हणजे त्याला काय दिसत नाही ते बनवणं. बहुतेक हौशी रडार सगळं दाखवतात: गोल पडदा, फिरती रेघ, ठिपके. हे १९४३ नव्हे, विमानतळावरचा कंट्रोल टॉवर झाला. पहिल्या लिख्टेनश्टाइनला तीन छोटे पडदे होते, अंतराचा एक, डाव्या-उजव्याचा एक, वर-खालचा एक. शिवाय अँटेनातून निघालेली थोडी ऊर्जा खाली जमिनीकडेही जाते. विमान ३,००० मीटर उंचीवर असेल तर जमिनीचा प्रचंड प्रतिध्वनी ३,००० मीटर अंतराच्या खुणेवर येऊन बसतो आणि त्यापलीकडचं सगळं गिळून टाकतो. ब्रिटिशांच्या एआय मार्क ४ रडारचीही हीच रड होती. कोडमध्ये हे एका ओळीचं काम आहे: रडारचा पल्ला आणि जमिनीपासूनची उंची यांपैकी जे लहान, तिथपर्यंतच दाखव. या एका ओळीने खेळ बदलतो. खाली उतरलात की आंधळे होता.

आणि तो पडदा वैमानिकासमोर ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती. एकशेदहामध्ये तो मागे बसलेल्या रेडिओवाल्यासमोर होता. वैमानिकाला मिळायचा फक्त कानातला आवाज. पावसाळी रात्री स्कूटरवर मागे बसलेला माणूस “डावीकडे, अजून डावीकडे, आता हळू” असं ओरडतो आणि आपण खड्डा न पाहता चुकवतो, तसा. सिम्युलेटरमध्ये हा मागचा माणूस आवाजाने उभा करायचा. त्याला थोडा उशीर होऊ द्या, एखादा अंदाज चुकू द्या.

तिरप्या तोफांचं थोडक्यात. काही जी-४मध्ये कॉकपिटच्या मागच्या भागात वीस मिलिमीटरच्या दोन तोफा वरच्या दिशेला तिरप्या बसवत आणि त्यांच्यासाठी वैमानिकाच्या डोक्यावर वेगळी नेमदर्शक काच. बहुतेक लँकेस्टर बाँबरना पोटाखाली टरेट नव्हतं. त्यामुळे खालून सावकाश वर यायचं, पोटातले बाँब टाळून पंखातल्या टाक्यांवर नेम धरायचा. इथे मॉडेलपेक्षा संगणकाचा गनर जास्त त्रास देतो. त्याला अंधारातही सगळं दिसतं, विमानाच्या पत्र्यातूनसुद्धा! त्याच्या नजरेचा कोन खालच्या बाजूला छाटल्याशिवाय तिरप्या तोफा निरुपयोगी ठरतात.

गनरचं डोकं ताळ्यावर आणता येतं, माणसांचं काय करणार? ऑनलाइन सामन्यात मॉनिटरचा गॅमा वाढवून रात्रीची संध्याकाळ करणारे महाभाग असतातच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

पुढच्या आठवड्यात युंकर्स ८८ जी-१ घेऊ. १३ जुलै १९४४ रोजी या जातीचं एक विमान वाट चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरलं, आणि एसएन-२सकट फ्लेन्सबुर्ग नावाचं यंत्रही आयतं ब्रिटिशांच्या हाती पडलं. ब्रिटिश बाँबर पाठीमागून येणाऱ्या विमानाची चाहूल घ्यायला मोनिका नावाचं छोटं रडार चालवत. फ्लेन्सबुर्ग त्याच मोनिकाचा माग काढत यायचं. चाचण्या झाल्या आणि ब्रिटिशांनी मोनिका काढून टाकली. म्हणून माझ्या जी-१च्या फाइलमध्ये फ्लेन्सबुर्गला तारखेची एक अट जोडलेली आहे. त्या उन्हाळ्यानंतरच्या मोहिमेत ते यंत्र चालू होतं, दिवा लागतो, पडदा उजळतो, आणि त्यावर रात्रभर काहीच येत नाही.